ढोलीचा पत्ता

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला येऊन पडला होता, मी तो सकाळी वाचला. आमच्याकडे रेंज मिळते ती खळ्यात, तुळशीपाशी, आणि रात्री एकदा दार लावून घेतलं की मी खळ्यात उतरत नाही. चहा उकळेपर्यंत दोनदा वाचून काढला. उत्तर फोनवरच लिहायला घेतलं होतं, पण चार ओळींत ते मावेना. म्हणून वहीतले कागद काढले. अक्षर लागलं नाही कुठे तर विचार.

तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. एक म्हणजे, गेल्या आठवड्यात मी टाकलेल्या फोटोतली ककणेराची, म्हणजे धनेश पाखराची, ढोली नेमकी कुठे आहे. दुसरी तू जाता जाता विचारल्यासारखी केलीस, पण सगळा मेसेज तिच्यासाठीच लिहिलेला दिसतोय: "काकी, ठाणं सोडून आजोळी येऊन आठ महिने झाले. माझी सगळी माणसं फोनमध्ये आहेत. वाडीत माझं कोणी नाही. माझं काही चुकतंय का?"

ढोलीचं शेवटी सांगते. आधी तुझं.

फोनमधली माणसं खोटी आणि समोरची तेवढी खरी, असं मी तुला सांगणार नाही. ते आपल्या दोघींच्याच बाबतीत खरं नाही. गेल्या जुलैत तू राजापूरच्या सड्यावरून, त्या कातळाच्या पठारावरून, एका पांढऱ्या फुलाचा फोटो टाकलास, हे गवतात कुठून आलं म्हणून विचारलंस, आणि मी लिहिलं की ही दीपकाडी. सगळ्या जगात ती आपल्या कोकणातच उगवते, पहिला पाऊस पडला की कातळावरच्या बोटभर मातीतून वर येते आणि थोड्याच दिवसांत नाहीशी होते. तू दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेलीस आणि किती फुलं होती ते मोजून आलीस. त्या मोजण्यावरून मी तुला ओळखलं. तू राजापूर तालुक्यातली, मी संगमेश्वरातली, वयात तीस-पस्तीस वर्षांचं अंतर. कोणत्या लग्नात, कोणत्या हळदीकुंकवात आपली गाठ पडली असती?

आणि पाखरांवरून, झाडांवरून लांबच्या माणसाशी जीव जडणं ही काही फोनने आणलेली गोष्ट नाही. अलिबागजवळ किहीमला १९३० साली सालिम अली सुगरणींची घरटी बघत बसले होते. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडलं तर आत राहते, आणि मग हा पठ्ठ्या दुसरं विणायला घेतो, हे त्यांनी तिथे टिपलं. पुढे १९६० च्या सुमारास जफर फतेहअलींनी पक्षी पाहणाऱ्यांसाठी एक छोटंसं मासिक सुरू केलं, सायक्लोस्टाइल करून, पोस्टाने पाठवायचं. देशात कुठे कुठे एकेकटी बसलेली माणसं त्यात आपली टिपणं पाठवायची आणि दुसऱ्यांची वाचायची. टिपण आज पाठवलं तर ते छापून यायचं पुढच्या एखाद्या महिन्यात. एवढ्या वेळात माणूस पुन्हा दहा वेळा त्याच झाडाखाली जाऊन बसत असणार. मला त्या माणसांचा हेवा वाटतो तो या एका गोष्टीसाठी.

म्हणून तुला पहिली सूचना देते ती अगदी साधी आहे. काहीही पाहिलंस की आधी वहीत लिही, मग दिवसभर जाऊ दे, आणि फोनवर टाकायचं ते दिवेलागणीनंतर टाक. वेळ, जागा, झाड कोणतं, पाखरू काय करत होतं, वारा होता का, हे सगळं आधी कागदावर. फोटो टाकला की त्या क्षणापासून आपण पाखरू बघत नाही, पाखराला कोण काय म्हणालं ते बघत राहतो. मी दोन वर्षं असं केलं. मे महिन्याच्या शेवटी आमच्या पऱ्यावर, ओढ्याकाठी, काजवे येतात, झाडच्या झाड एका लयीत पेटतं आणि विझतं. एका वर्षी मी त्याचा व्हिडिओ घेत उभी राहिले. फोनमध्ये आला नुसता काळोख, आणि झाड मी त्या रात्री बघितलंच नाही. पुढच्या चार रात्री वळवाचा पाऊस लागला.

आता माणसांकडे येते.

पालक्काडजवळच्या एका गावात माझी एक मैत्रीण आहे. शिक्षिका होती, आता निवृत्त. तिला मराठी येत नाही, मला मल्याळम येत नाही, आम्ही मोडक्या इंग्रजीत आणि फोटोंत बोलतो. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो ना, चार दिवसांचा, आपल्या देशात तो २०१३ पासून होतो, त्यातून आमची ओळख झाली. निदान १५ मिनिटं एका जागी उभं राहून दिसतील ते पक्षी मोजायचे आणि यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची, एवढंच काम. पण आम्ही दोघींनी पुढे ते वर्षभर चालू ठेवलं. रविवारी सकाळी सातला ती तिच्या मागीलदारी उभी राहते, मी माझ्या. तिच्याकडे बुलबुल, माझ्याकडे बुलबुल. तिच्याकडे नवरंग हिवाळ्यात येतो, माझ्याकडे पावसाच्या तोंडाशी. जुलैत मी तिला कळवते की तुझा पाहुणा इकडे ओरडतोय. आम्ही एकमेकींना कधी पाहिलेलं नाही, आणि तरी माझ्या दिवसाचा एक खांब तिच्या घरात रोवलेला आहे.

माझी आई गेली तेव्हा तीन रविवार माझी यादी गेली नाही. तिसऱ्या रविवारी तिचा मेसेज आला, तुझे पक्षी कुठे आहेत? मी तो वाचून जेवढी रडले तेवढी आईच्या दिवसांतही रडले नव्हते. आमच्या वाडीतल्या एकाही माणसाला हे कळलं नसतं की मी पाखरं मोजायची थांबले आहे.

पण त्याच वेळचं दुसरंही सांगायला हवं. आईला नेलं त्या दिवशी आमच्या चुलीत विस्तव नव्हता. खालच्या घरातल्या वहिनी कडू घास घेऊन आल्या, पिठलं आणि भात. त्यांनी काही विचारलं नाही. दहा दिवस त्यांच्या घरून आणि त्यांच्या पलीकडच्या घरून डबे आले. त्या दोन घरांमधला बांधाचा वाद माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा आहे. त्यांनी आपापसांत न बोलता दिवस वाटून घेतले होते, हे मला नंतर कळलं. पालक्काडची माझी मैत्रीण पिठलं आणून देऊ शकली नसती, आणि खालच्या वहिनींनी तुझे पक्षी कुठे आहेत असं विचारलं नसतं. यातलं मोठं कुठलं हे मी ठरवलेलं नाही आणि ठरवणारही नाही. मला फक्त इतकं कळलं की एकीचं काम दुसरीकडून मागायचं नाही.

हे मी शहाणपणाने शिकले नाही. त्याची किंमत पडता पडता राहिली, ती गोष्ट तुला सविस्तर सांगते, कारण तू सड्यावर राहतेस आणि तुझ्या घराभोवती गडगे आहेत.

आईच्या आधीची ही गोष्ट. ऑक्टोबर होता, भात कापणीला आलेलं. आमचे हे मागच्या गडग्याचे पडलेले दगड लावत होते. हाताला काहीतरी चावलं. साप दगडावर इंग्रजी आठासारखं वेटोळं करून अंग घासत होता, करवत चालवल्यासारखा आवाज येत होता. आज तो आवाज ऐकला तर मी झोपेतसुद्धा सांगेन की फुरसं. त्या दिवशी माझं डोकं चालेना आणि मी काय केलं, तर फोटो काढला आणि आमच्या ग्रुपवर टाकला. विषारी आहे का? माझी सगळी जाणती माणसं तिथेच होती ना! पाच-सात मिनिटांत उत्तरं यायला लागली. एकाने मांजऱ्या लिहिलं, एकाने फुरसं, एकाने स्पष्ट फोटो मागितला. मी स्पष्ट फोटो काढायला पुन्हा मागे गेले, पोरी. हे पडवीत हात धरून बसलेले, आणि मी सापाचा चांगला फोटो काढायला गेले. अर्धा तास गेला. शेजारचा मुलगा सहज विळा मागायला आला, त्याने बघितलं, मला एक शब्द न बोलता तो रिक्षा घेऊन आला.

दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो बघितला, पण त्यावर काही ठरवलं नाही. त्यांनी काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि ती २० मिनिटं न हलवता ठेवून दिली. रक्त गोठलं नाही. फुरसं आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठायचं बंद होतं, ते बघायची ही परीक्षा. मग सलाइनमधून प्रतिविष सुरू केलं. ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच असतं, त्यामुळे साप ओळखण्यासाठी घरी थांबण्यात काही अर्थच नव्हता. आमचे हे वाचले. हात महिनाभर सुजलेला होता.

तेव्हा हे नीट वाच आणि भिंतीवर लावून ठेव. साप चावला तर त्याच्या मागे जायचं नाही, मारायला नाही आणि फोटोलाही नाही. माणसाला धीर द्यायचा, चालू द्यायचं नाही, हात किंवा पाय फळीला बांधून हलणार नाही असा ठेवायचा, अंगठी, बांगड्या काढायच्या. आवळून दोरी बांधायची नाही, ब्लेड लावायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. १०८ ला फोन आणि त्याच दमात शेजाऱ्याला हाक. प्रतिविष कुठल्या सरकारी दवाखान्यात असतं ते आजच चौकशी करून ठेव. आणि रात्री-अपरात्री गाडी कोणाकडे आहे, ती तुझ्यासाठी निघेल का, हेही. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुला फोनमध्ये मिळणार नाही.

अळंबीचंही तसंच. पावसात तुझ्या मागच्या वारुळापाशी उगवतील, तू फोटो टाकशील, कोणीतरी हौशी माणूस खायची आहेत म्हणून सांगेल. फोटोला वास नसतो, देठ दाबून बघता येत नाही. ज्या बाईने चाळीस पावसाळे तीच अळंबी त्याच वारुळावरून काढून स्वतःच्या पोरांना घातली आहेत, तिने हातात घेऊन सांगितलं तरच खायची. नाहीतर राहू दे, भारंगी आहे, टाकळा आहे, फोडशी आहे.

तू लिहितेस की वाडीतल्या बायका भेटल्या की लग्न कधी, पगार किती, एकटी कशी राहतेस, एवढंच विचारतात, म्हणून तू लांबूनच जातेस. मला कळतं ते. मी इथे सून म्हणून आले तेव्हा मलाही पहिली दोन वर्षं असंच वाटायचं की माझी उलटतपासणी चाललीय. पण जरा विचार कर, त्यांना तुझ्याशी बोलायचं आहे आणि तुझ्याबद्दल त्यांच्याकडे दुसरा विषयच नाही. तू दिवसभर दार लावून लॅपटॉपसमोर बसतेस, तू काय काम करतेस ते त्यांना दिसत नाही. शिमग्यात पालखी तुमच्या दारात आली तेव्हा तू मीटिंगमध्ये होतीस असं तूच लिहिलं आहेस. पुढच्या वर्षी त्या दिवशी रजा टाक. ग्रामदेवता वर्षातून एकदा घरी येते, तेव्हा ओटी भरायला आणि खांदेकऱ्यांना पाणी द्यायला घरात माणूस लागतं. तू नव्हतीस हे सगळ्या गावाने पाहिलं असेल. त्यांनी मनात धरलं नसेल, पण पाहिलं असेल.

पुढच्या वर्षाची वाट बघू नकोस मात्र. आत्ता काजू चालू आहे. तुझ्या शेजारच्या आजींची बाग आहे म्हणालीस. उद्या सकाळी उन्हं चढायच्या आत तिथे जा आणि बी वेचायला लाग. विचारू नकोस मी येऊ का, त्या नको म्हणतील. टोपली घेऊन उभी राहा. बोंडू धरून बी पिरगळून कशी काढायची ते त्या दाखवतील. तुझा हात चुकेल, चीक लागून कातडी भाजेल, त्या ओरडतील, तेल लावतील. इतकं झालं की लग्न कधी हा प्रश्न मागे पडतो, कारण बोलायला आता काजू आहे. मे महिन्यात आमसुलांना मीठ लावायला जा, आगोटीची, पावसाआधीची, सगळी बेगमी तेव्हाच होते, हात कमी पडत असतात. जुलैत लावणीला जा. लावणी तुला पहिल्या वर्षी कोणी करू देणार नाही, आणि बरोबरच आहे ते, ओळ वाकडी जाईल. तरव्याच्या, म्हणजे भातरोपांच्या, जुड्या खाचरात पोचवून दे. दुपारी बांधावर सगळ्यांबरोबर बसून भाकरी खा. आमच्याकडे ओळख होते ती अशी. नुसतं गप्पा मारायला गेलं तर सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

आणि तुझी वही घेऊन जा. माझ्या वहीत प्रत्येक झाडापुढे दोन रकाने आहेत. देवराईच्या कडेला मी एक लहान झाड बघितलं, पांढरी फुलं, जोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा. फोटो टाकला. पुण्यातल्या एका मुलाने, तो वनस्पतिशास्त्र शिकतोय, पानाचा आणि शेंगेचा जवळून फोटो मागवला आणि सांगितलं की हा पांढरा कुडा, काळा कुडा नव्हे, आणि दोघांत फरक कसा करायचा तेही सांगितलं. इतकं नेमकं मला इथे कोणी सांगितलं नसतं. तोच फोटो मी खालच्या वहिनींना दाखवला. त्या हसल्या, म्हणाल्या, याच्या फुलांची भाजी तू गेल्या वर्षी माझ्याकडे खाल्लीस की. पोट बिघडलं की याचं पाळ, म्हणजे मूळ, उगाळून देतात, तेही त्यांनीच सांगितलं. एका रकान्यात पुण्याचा मुलगा, दुसऱ्यात वहिनी. मग मी त्याला भाजीचं कळवलं, तर त्याने ती रीत लिहून मागितली. आता वहिनी अधूनमधून विचारतात, तुझा तो पुण्याचा झिल काय म्हणतो.

फोटोवरून आठवलं. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नकोस, आणि काढायला हो म्हटलं म्हणजे सगळ्या जगाला दाखवायला हो म्हटलं असं समजू नकोस. मी एकदा लावणी करणाऱ्या एका वयस्क बाईंचा व्हिडिओ टाकला. मला त्यांच्या हाताची लय दाखवायची होती. तो पुढे पुढे गेला, कोणीतरी त्यावर दुसरंच लिहिलं, या वयातही पोटासाठी राबणारी गरीब आजी, आणि तो फिरत फिरत त्यांच्या मुंबईतल्या मुलाच्या ऑफिसात पोचला. तो गणपतीला आला तेव्हा माझ्या पडवीत उभा राहून म्हणाला, काकी, माझी आई गरीब नाही, ती स्वतःच्या जमिनीत लावणी करते. मी त्याची माफी मागितली, त्याच्या आईची मागितली. व्हिडिओ काढला, पण दुसऱ्यांनी पाठवलेला कसा काढणार? अजूनही त्या बाई मला रस्त्यात दिसल्या की माझी मान खाली जाते.

या दोन जगांत मी उभा बांध घातलाय असं मात्र समजू नकोस. तौक्ते वादळाच्या वेळी, १६ मे २०२१ चा रविवार होता तो, सकाळीच मला गोव्यातल्या एका मैत्रिणीचा मेसेज आला. झाडं पडायला लागली आहेत, वीज गेली, वारा तुमच्याकडे येतोय, पाणी भरून ठेव, गुरं आंब्याखाली बांधू नको. वादळ किनाऱ्याने वर सरकत होतं, आमच्यापर्यंत यायला वेळ होता. मी वाडीत घरोघर जाऊन सांगितलं. खबर सरकारचीही होती, टीव्हीवरही होती, पण गुरं आंब्याखालून लोकांनी हलवली ती माझ्या मैत्रिणीच्या अंगणात माड पडला हे ऐकल्यावर. फोनमधल्या माणसाचा त्या दिवशी सगळ्या वाडीला उपयोग झाला. तो झाला, कारण फोन ठेवून दार ठोठवायला माझ्याकडे बावीस दारं होती.

नंतर सहा दिवस वीज नव्हती, रेंज नव्हती. पहिले दोन दिवस माझा हात सारखा कमरेला जायचा. मग पडलेल्या आंब्यांची साठं घालायला सगळ्या बायका आमच्या खळ्यात जमल्या आणि दिवस कसे गेले ते कळलं नाही. सातव्या दिवशी फोन लागला तेव्हा ८३ मेसेज होते, त्यातले ११ पालक्काडचे. शेवटच्यात नुसता नवरंगाचा फोटो होता.

थोडं सावधगिरीचं, भरभर लिहिते, कारण तू लहान नाहीस. एकटी राहतेस हे कुठे लिहू नकोस. घराचा, ओढ्याचा, देवळाचा फोटो त्याच दिवशी टाकू नकोस, आठवडा जाऊ दे. पाखरांवर गोड बोलणारा प्रत्येक माणूस पाखरांसाठी आलेला नसतो. कोणी पैसे मागितले, मग कारण आजारी हरणाचं असो की आजारी आईचं, आधी दुसऱ्या कोणाला तरी विचार, आणि चुकून गेलेच तर लाज न बाळगता लगेच ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० या नंबरला फोन कर. कोणाला पहिल्यांदा भेटायचं तर एसटी स्टँडवरच्या हॉटेलात, दिवसा, आणि कुठे चाललीस ते शेजारच्या आजींना सांगून. त्यासाठी सुद्धा आजींशी बोलणं सुरू असायला हवं.

फोटो पाठवतानाची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. व्हॉट्सॲपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर काढलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश त्याच्याबरोबर जसेच्या तसे जाऊ शकतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन जागेची नोंद बंद करून टाक. आयनॅचरलिस्ट या झाडापाखरांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना जागा झाकायची सोय आहे, ती वापरलीस तर नकाशावर साधारण वीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी टिंब दिसतं, खरी जागा दिसत नाही. दीपकाडीच्या नोंदी तशा कर. कंद उपटून नेणारे लोकही नकाशा वाचतात.

आता ढोली.

ती मादी फाल्गुनात आत गेली. आतून तिने विष्ठा आणि फळांचा गर लावून तोंड लिंपून घेतलं आहे, चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवली आहे. आत बसून ती पंखांची पिसं गाळते, त्यामुळे आता ठरवलं तरी तिला उडता येणार नाही. अडीच-तीन महिने ती आणि पुढे तिची पिल्लं जगणार ती फक्त नराच्या चोचीवर. तो येतो, आधी लांबच्या झाडावर बसतो, खाली कोणी नाही ना ते बघतो, मग ढोलीपाशी जातो आणि गळ्यातून एकेक फळ काढून फटीत देतो. खाली माणसं असली की तो येत नाही. मी तो फोटो काढला तो दुर्बिणीच्या अंतरावरून, पानांच्या आडून, पंधरा मिनिटांत, आणि मग पंधरवडाभर तिकडे गेले नाही. तरी तो फोटो टाकायला नको होता असं आता वाटतंय, कारण तू सातवी. तुझ्याआधी सहा जणांनी जागा विचारली, त्यातले दोघे मोठ्या लेन्सवाले आहेत, चांगले लोक आहेत, आणि तरीही मी त्यांना सांगितलं नाही.

तुलाही सांगत नाही. राग मानू नकोस. तुझ्यावर माझा विश्वास आहे, पण त्या नराला तू आणि दुसरं कोणी यातला फरक कळत नाही.

मिरगानंतर ये. तोवर पिल्लांना घेऊन ती बाहेर पडलेली असेल आणि ढोली रिकामी असेल. राजापूरहून एसटीने देवरुख स्टँडवर उतर, मी घ्यायला येते. मीही तुझ्यासाठी फोनमधलीच बाई आहे, म्हणून एकटी येऊ नकोस, शेजारच्या आजींना बरोबर आण. त्यांना सांग की काकीकडे रायवळचं लोणचं आहे आणि बसायला मोठी पडवी आहे. ढोलीखाली नराने तीन महिने टाकलेल्या बिया पहिल्या पावसात रुजून येतात. काजऱ्याच्या चपट्या बिया असतात, त्या विषारी, तोंडाला हात लावायचा नाही. बाकीची रोपं कशाची आहेत ती मला सगळी ओळखता येत नाहीत. आजींना येतील कदाचित. मातीसकट न्यायला दोन जुनी डालडाची डबडी घेऊन ये.

तुझी,
काकी